झटक्याआधीची वीस वर्षे

२०२५ च्या जून-जुलैत कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातून हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या एकामागून एक येऊ लागल्या. सुमारे चाळीस दिवसांत वीसहून अधिक मृत्यू, त्यांतले काही अगदी तरुण, असे आकडे छापून येताच मैसूरच्या जयदेव हृदयरोग रुग्णालयासमोर तपासणीसाठी पहाटेपासून रांगा लागल्या. लोक घाबरले यात नवल नाही, पण त्या गर्दीतल्या बहुतेकांना हवा होता तो ईसीजी, आणि तिथेच गफलत होती. काही त्रास होत नसताना काढलेला ईसीजी हा त्या घटकेच्या विद्युत हालचालीचा आलेख असतो. पुढच्या दहा वर्षांत रक्तवाहिनीत काय घडणार आहे, हे त्यावरून कळत नाही. त्याच रांगेत प्रत्येकाचा रक्तदाब नीट मोजला असता, साखर तपासली असती आणि तंबाखूची चौकशी केली असती, तर कितीतरी अधिक हाती लागले असते. पुढे सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांना मृत्यूंच्या प्रमाणात नेहमीपेक्षा वेगळी वाढ आढळली नाही. मृतांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान, मद्यपान असे ओळखीचेच धोके पुढे आले. या मृत्यूंचे कोव्हिडच्या लशीवर फोडलेले खापरही टिकले नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातल्या आकस्मिक मृत्यूंचा जो अभ्यास केला होता, त्यात कोव्हिडच्या लशीने धोका वाढल्याचे दिसले नव्हते. उलट कुटुंबातला तसाच पूर्वेतिहास आणि मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांतले बेसुमार मद्यपान यांचा संबंध दिसला होता.

हृदयाविषयीची आपली सगळी सार्वजनिक चर्चा अशी झटक्याभोवती फिरते. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या, म्हणजे तुंबलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीच्या, किमतीवर मर्यादा आली आणि लाखाच्या पुढे विकला जाणारा औषधयुक्त स्टेंट तीस हजारांच्या आत मिळू लागला, तेव्हा त्याचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास बसल्यामुळे किती घरांवरची जमीन विकण्याची पाळी टळली असेल, याची कल्पना ग्रामीण भागात वावरणाऱ्या कोणालाही येईल. तरीही रक्तवाहिनीच्या अस्तराखाली चरबीचे थर साचायला विशी-तिशीतच सुरुवात होते, आणि त्यांतला एखादा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरते तो दिवस उजाडायला पुढे दोन-तीन दशके जावी लागतात. त्या दशकांत माणूस हिंडता-फिरता असतो, त्याला काही दुखत नसते, आणि नेमक्या त्याच काळात सरकार, कुटुंब आणि तो स्वतः असे तिघेही त्याच्या हृदयाकडे पाहत नाहीत. खर्च, यंत्रणा आणि काळजी हे सारे झटक्यानंतरच सुरू व्हायचे, ही आपल्याकडची अंगवळणी पडलेली रीत आहे. ती उलटी केली पाहिजे, आणि सुरुवात रक्तदाबापासून केली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

रक्तदाबच का, याला इतिहास आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्याच्या वर्षभर आधी, मार्च १९४४ मध्ये, त्यांचा रक्तदाब १८६/१०८ भरला होता. मृत्यूच्या दिवशी तो ३००/१९० वर गेला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाला उत्तम डॉक्टर उपलब्ध होते, पण वयाबरोबर दाब थोडा चढायचाच, असा त्या काळच्या वैद्यकाचा सर्वसाधारण समज होता आणि हाती धड औषधही नव्हते. १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास सुरू झाला, आणि वाढलेला दाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचे हृदयविकाराशी असलेले नाते त्यातून आकड्यांनिशी उभे राहिले. आता औषधे आहेत, आकडे आहेत, आणि तरी आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांचा दाब १६० निघाला की ‘या वयात एवढं असायचंच’ हेच वाक्य कानावर येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ वयोगटातल्या सुमारे १८.८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यांतल्या जेमतेम ३७ टक्क्यांना तो असल्याचे माहीत आहे आणि ज्यांचा दाब आटोक्यात आहे असे फक्त १५ टक्के आहेत. या शेवटच्या आकड्यापाशी थांबायला हवे. शंभरातल्या पंच्याऐंशी जणांच्या हृदयावर, मेंदूवर आणि मूत्रपिंडांवर रोजचा जादा भार पडतो आहे, आणि तो उतरवण्याचे साधन दिवसाला एक-दोन रुपयांत मिळते. वरचा दाब दहाने जरी उतरला, तरी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना सुमारे एक पंचमांशाने आणि पक्षाघात पाव हिश्श्याहून अधिक कमी होतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षांतून दिसते. एवढ्या स्वस्तात एवढे देणारे दुसरे काही हृदयाच्या बाबतीत मला तरी माहीत नाही.

आता हा दाब आपल्याकडे मोजला कसा जातो ते पाहा. दवाखान्यात माणूस जिना चढून येतो, बाकड्यावर टेकतो न टेकतो तोच आत बोलावणे येते. शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो, हात अधांतरी, पायावर पाय, आणि पट्टा फुगत असतानाच ‘काय होतंय, कधीपासून होतंय’ ही विचारपूस चालू. यांतली प्रत्येक गोष्ट आकडा चढवते. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी तेच होते. नियम अगदी साधा आहे: पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली आणि पावले जमिनीवर असावीत, उघडा दंड हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवावा, आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नसावी, लघवीला लागलेली नसावी, बोलू नये, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. यासाठी डॉक्टर लागत नाही. दंडावर बांधायचे स्वयंचलित यंत्र दोनेक हजार रुपयांत मिळते आणि तीन-चार घरांत मिळून एक पुरते. (मनगटावरच्या यंत्राच्या नादी लागू नये.) दवाखान्यात १४०/९० ही सीमा धरतात, घरी मोजलेल्या आकड्यांना १३५/८५ ही सीमा लावतात. वाढदिवसाला ‘फुल बॉडी चेकअप’चे हजारो रुपयांचे पॅकेज भेट देण्याची जी टूम शहरांत निघाली आहे, तिच्यापेक्षा हे यंत्र आणि एक वही बरी.

मोजणीनंतरचा अडथळा गोळीचा. ‘एकदा सुरू झाली की सुटत नाही’ हे गोळीविरुद्धचे सर्वांत मोठे कारण म्हणून सांगितले जाते आणि ते बोलणारी माणसे चष्मा मात्र जन्मभर बिनतक्रार वापरतात. दाब नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणारे तर घरोघरी आहेत; तो नॉर्मल आला तो गोळीमुळे, हे त्यांना कोणी बसून सांगितलेले नसते. गोळ्यांनी किडनी जाते ही अफवा याहून घातक आहे, कारण वस्तुस्थिती तिच्या नेमकी उलटी आहे. वर्षानुवर्षे न आवरलेला दाबच मूत्रपिंडे निकामी करतो. वजन उतरले, मीठ कमी झाले, चालणे वाढले, तर काहींचा डोस कमी होतो, क्वचित गोळी सुटतेही. पण तो निर्णय वहीतले आकडे पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो, व्हॉट्सअॅपवरच्या काढ्याच्या भरवशावर आपण नव्हे.

‘मी तर सडसडीत आहे, मला कसला धोका’ असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्यात झालेले काम मोलाचे आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बालकांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हडकुळी. मात्र त्यांच्या अंगावरचे स्नायू जितके कमी होते, तितकी त्वचेखालची चरबी कमी नव्हती. पुढे २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, म्हणजे कागदोपत्री दोघेही सारखेच सडपातळ. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली चरबी पोटाच्या आत साठते आणि वजनकाट्याला ती कळत नाही. म्हणून आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचे असते, वजन कितीही असो. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येत असल्याचे दिसले. त्यामागचे कारण गूढ नव्हते. तेच ओळखीचे धोके आपल्याकडे लवकर वयात जमलेले होते.

मिठाकडे वळू. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि आपण साधारण त्याच्या दुप्पट खातो. आपण नेमके किती खातो, हे शोधायला प्रयोगशाळा नको. एक किलोच्या मिठाच्या पुड्यावर तो फोडल्याची तारीख पेनाने लिहावी. चार माणसांच्या घरात माणशी पाच ग्रॅम धरले तर तो पन्नास दिवस चालायला हवा. पंचविसाव्या दिवशी दुसरा पुडा फोडावा लागत असेल, तर हिशेब समोर आहे. लोणच्याच्या हंगामात किंवा मिठाच्या गुळण्या चालू असताना आकडा थोडा इकडेतिकडे होईल, हे मान्य. पण पाव, फरसाण, बिस्किटे, सॉस आणि हॉटेलातली भाजी यांतले मीठ या पुड्यात धरलेलेच नाही, आणि पापडात मिठाखेरीज जो पापडखार असतो तोही सोडियमचाच क्षार आहे.

मराठी ताटात मीठ पहिल्यांदा वाढतात, पाठोपाठ लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, पापड. ही डावी बाजू जेवणाला चव आणते, आणि ती पुसून टाका असे सांगणाऱ्या आहारतज्ज्ञाचे कोणी ऐकणार नाही, ऐकूही नये. पण चटणी-कोशिंबीर रोजची आणि लोणचे-पापड सणावारी, एवढी अदलाबदल कोणालाही जमण्यासारखी आहे. भाकरीच्या पिठात मीठ घालायची गरज नसते. कणकेतले आणि भाताच्या पाण्यातले मीठ महिनाभरात बेताबेताने कमी केले तर जिभेला पत्ताही लागत नाही. महागडे सैंधव घेऊन निश्चिंत होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की तेही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच आहे. खरा पर्याय आहे तो काही भाग पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाचा. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना हेच पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा बदलू नये.

घरातले मीठ घर ठरवते. पाकिटातले कोण ठरवणार? इथे प्रश्न पुन्हा सार्वजनिक होतो. हृदयाला घातक असलेल्या ट्रान्स फॅट या चरबीच्या बाबतीत आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने निर्धार दाखवला होता. तेल-वनस्पती तुपातली मर्यादा पाच टक्क्यांवरून २०२१ मध्ये तीन आणि २०२२ मध्ये दोन टक्क्यांवर आणली गेली, आणि त्यासाठी कोट्यवधी ग्राहकांना स्वतंत्रपणे जागरूक व्हावे लागले नाही. मीठ, साखर आणि चरबी यांच्या इशाऱ्याच्या बाबतीत मात्र चालढकल चालू आहे. चिलीने २०१६ पासून अशा पाकिटांच्या दर्शनी बाजूवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले. लहान मुलालाही कळावे असे ते आहेत. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा आला तो तारे देण्याचा, म्हणजे वाईटातल्या वाईट पदार्थालाही काहीतरी शाबासकी मिळण्याची सोय असलेला. मीठ भरपूर असलेल्या शेवेच्या पाकिटावर दोन तारे पाहून गिऱ्हाईक सावध होईल की खूश होईल, हे सांगायला अर्थशास्त्री नको. इशारा द्यायचा असेल तर तो इशाऱ्यासारखा दिसला पाहिजे.

तंबाखूबद्दल महाराष्ट्राची अडचण वेगळी आहे. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आसपास होते, पण तंबाखू खाणारे-लावणारे २४ टक्क्यांहून अधिक. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि ती कशी पाळली जाते हे प्रत्येक टपरीवर दिसते. तोंडाच्या कर्करोगाची चित्रे आपण पुड्यांवर छापली, त्यामुळे मळलेली तंबाखू आणि मशेरी यांचा संबंध लोकांच्या मनात फक्त तोंडाशी जुळला. निकोटीन नाडी वाढवते, दाब चढवते, रक्तवाहिन्या आकसवते. ते धुरातून गेले काय आणि हिरडीतून गेले काय. सकाळी मशेरी लावून दिवस सुरू करणाऱ्या बाईला ‘तुम्ही तंबाखू घेता का’ असे विचारले तर ती नाही म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणे असते. घरोघरी जाणाऱ्या आशा सेविकांच्या प्रश्नावलीत मशेरी हा शब्द स्वतंत्रपणे हवा.

चालण्याबद्दल फार लिहायला नको. आठवड्याला दीडशे मिनिटे, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने, एवढे पुरे आहे. वीस वर्षे खुर्चीत काढून एका सोमवारी व्यायामशाळेत वजने उचलायला जाणे मात्र टाळावे.

‘हा सगळा ज्याच्या त्याच्या जीवनशैलीचा प्रश्न आहे, सरकार काय करणार’ असा आक्षेप येतो. तो घेणाऱ्यांनी ऊसतोड कामगारांचे वर्ष डोळ्यांसमोर आणावे. बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतली कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या फडांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. समजा, अशा एखाद्या बाईचा दाब गावच्या उपकेंद्रात १६०/१०० निघाला आणि तिला गोळी सुरू झाली. गोळ्या मिळतात साधारणतः महिन्याच्या, मुक्काम असतो पाच-सहा महिन्यांचा. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, तिची नोंद नाही, सर्वांत जवळचे आरोग्य केंद्र कुठे आहे हे तिला ठाऊक नाही, आणि एक दिवस खाडा केला तर कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, मजुरी बुडते. यात तिची जीवनशैली कुठे आली? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्याने समिती नेमली होती. त्या प्रश्नाची हृदयाची बाजू फारशी बोलली गेली नाही: ऐन तिशीत गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले गेले, तर इस्ट्रोजेनमुळे मिळणारे संरक्षण अकाली संपते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा स्त्रीचा रक्तदाब इतरांपेक्षा आधी आणि अधिक नेमाने मोजायला हवा.

झटका आल्यावर काय, हा प्रश्न यामुळे गौण होत नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, आणि विशेषतः स्त्रियांत व मधुमेहींत नुसताच दम किंवा न ओळखता येणारा थकवा, अशा वेळी ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन पहाटेपर्यंत वाट पाहण्यात हृदयाचा स्नायू मरत जातो. तेव्हा १०८ ला फोन करावा. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. हे प्रत्येक घराला ठाऊक असलेच पाहिजे. पण गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गातल्या आतल्या गावांतून अँजिओप्लास्टीची सोय असलेली कॅथलॅब गाठायला जो वेळ लागतो, तो लक्षात घेतला तर तिथे तरी झटका येऊच नये यासाठीची खटपट अधिक शहाणपणाची आहे.

आणि ती करता येते, हे महाराष्ट्रातच दिसलेले आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम ज्या पहिल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. त्यात नवे तंत्रज्ञान काही नव्हते. सर्वांसाठी ठरवून दिलेला औषधांचा एकच क्रम, महिन्याच्या महिन्याला न तुटणारा साठा, डॉक्टरांच्या जोडीला परिचारिका आणि आशा, घराजवळ मोजणी, आणि कोण औषध न्यायला आले नाही याची नोंद, एवढ्या पाच गोष्टींवर तो उभा होता. २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. पुरस्काराची बातमी झाली. साठा मात्र असा असतो की तो तुटला तरी बातमी होत नाही. स्टेंटसाठी जसा आमदारांना फोन जातो तसा अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीसाठी जात नाही, कारण गोळी न मिळाल्याने आज कोणी कोसळत नाही. म्हणून ग्रामसभेत आणि तालुक्याच्या आमसभेत आपल्या आरोग्य केंद्राला दोन आकडे विचारण्याची सवय लावावी लागेल: गेल्या सहा महिन्यांत रक्तदाबाच्या गोळ्या किती दिवस शिल्लक नव्हत्या, आणि नोंदवलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा दाब १४०/९० च्या खाली आला. साखर पट्ट्यातल्या आमसभांत तिसराही विचारावा: फडावर गेलेल्यांची औषधे कोणत्या केंद्राने दिली.